फौजदाराचं शून्य

फौजदार हा सांगलीतला सगळ्यात सभ्य बोका आहे, यावर निदान विश्रामबागेतल्या त्याच्या सोसायटीत तरी कुणाचं दुमत नव्हतं. पांढऱ्या तोंडावर नाकाखाली काळा डाग, बरोबर मिशीसारखा; म्हणून नाव फौजदार. बाकी अंगात फौजदारीचा लवलेश नव्हता. पडद्याला नख लावणं नाही, ओट्यावर चढून दुधात तोंड घालणं नाही, शेजारच्या गॅलरीत उड्या नाहीत. स्नेहलला क्रोशाचा नाद होता. ऑफिसची मीटिंग सुरू झाली की ती कॅमेरा बंद करून सुई हातात घ्यायची. लोकरीचा गुंडा मांडीवरून सुटून फौजदाराच्या नाकासमोरून घरंगळत जायचा, आणि हा पठ्ठ्या नुसता डोळ्यांनी त्याला निरोप द्यायचा. दिवसभर लॅपटॉपशेजारी, जिथं गरम हवा बाहेर पडते तिथं, पाय पोटाशी घेऊन बसून राहायचा. "असलं मांजर मिळायला नशीब लागतं बघ," असं खालच्या मजल्यावरच्या शेटेकाकू म्हणायच्या. स्नेहललाही तसंच वाटायचं. माणसं काय, कामापुरती येतात. हा आपल्याजवळ नुसता बसण्यासाठी बसतो, असं ती म्हणायची.

स्नेहल मगदूम प्रोग्रामर होती. कंपनी पुण्यात आणि ती सांगलीत. आता बहुतेकांचं असंच झालं होतं. कंपनीचं नाव सहवेद, आणि सहवेदचा माल एकच होता: वेदना मोजणारा पट्टा.

दुखणं मोजायचं कसं, हा वैद्यकातला जुनाच पेच. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो. दुखणं मात्र रोग्यानं सांगायचं आणि डॉक्टरनं मानायचं. मग ज्याला सांगताच येत नाही त्यानं काय करायचं? तान्ह्या मुलानं, जनावरानं, वाचा गेलेल्या माणसानं? यावर उत्तर सापडलं ते असं. दुखत असलं की श्वास आणि हृदयाचे ठोके यांच्यातला मेळ एका ठरावीक रीतीनं बिघडतो, आणि कातडीखालचे बारीक स्नायू त्याच तालात थरथरतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण अंगाला टेकलेल्या पट्ट्याला कळतं. ही लहर आधी उंदरात सापडली, मग कुत्र्यात, घोड्यात आणि शेवटी माणसात. आईच्या दुधावर वाढणाऱ्या सगळ्या प्राण्यांत ती एकाच घडणीची निघाली. निसर्गानं वेदनेची भाषा एकदाच लिहिली आणि सगळीकडं तीच वापरली, असं कंपनीच्या जाहिरातीत म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं.

अडचण होती ती शून्याची. वाणी सुटं तेल मोजून देताना आधी तुमची रिकामी किटली काट्यावर ठेवतो, काटा शून्यावर आणतो आणि मग तेल ओततो. पट्ट्यालाही असंच एक रिकामं भांडं लागत होतं. ज्याला काही म्हणजे काहीच दुखत नाही असा देह. त्याची लहर ती शून्याची खूण, आणि त्याच्या वर जे काही भरेल ते दुखणं. कंपनी तेव्हा अगदीच लहान होती, पट्टा फक्त पाळीव जनावरांसाठी होता आणि शून्याचं काम स्नेहलकडं आलं होतं. कुणाच्या घरचं मांजर पट्टा ओरबाडायचं, कुणाचं उड्या मारायचं, कुणाचं पळून जायचं. लहरीत नुसता गोंधळ. फौजदार तेव्हा वर्षाचाही नव्हता. त्याच्या गळ्यात पट्टा घातला तर तो संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही, आणि लहर आली ती ताटात ओतलेल्या पाण्यासारखी सपाट. सगळी टीम खूश झाली. स्नेहलनं ते आकडे प्रोग्राममध्ये घातले आणि शेजारी लिहून ठेवलं, 'तात्पुरतं. नंतर बदलायचं.'

प्रोग्रामरांच्या जगात तात्पुरत्या गोष्टीइतकं दीर्घायुष्य दुसऱ्या कशालाच नसतं. पट्टा चालला. मांजरांना चालला, कुत्र्यांना चालला, मग माणसांसाठी काढायचं ठरलं. माणसांच्या पट्ट्यावर काम करायला नवी टीम आली, तिनं जुना प्रोग्राम जसाच्या तसा उचलला, आणि त्यातलं शून्यही. चालत्या ओळीला हात लावायचा नाही, हा त्या धंद्यातला पहिला धर्म. चाचण्या झाल्या. माणसांना सुई टोचली, हात बर्फात धरायला लावला, ऑपरेशननंतर तपासलं. दरवेळी पट्टा हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल झाला. परवानग्या मिळाल्या. स्नेहलला बढती मिळाली. शून्य बोक्याचं आहे हे तीही विसरून गेली.

आप्पांना झटका आला तेव्हा पट्टा घरोघरी पोचलेला होता.

आप्पा म्हणजे स्नेहलचे वडील. एसटीच्या वर्कशॉपमध्ये डिझेलची इंजिनं उघडण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि गाड्या विजेवर धावायला लागल्या त्याच सुमाराला ते निवृत्त झाले. झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत बरंच होतं. पण विचारलेल्या प्रश्नाला ते कधी मान हलवत, कधी नाही हलवत. "हो-नाहीची गल्लत होत असणार, त्यावर फार विसंबू नका," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग विसंबायचं कशावर? स्नेहलनं आपल्याच कंपनीचा पट्टा आणून आप्पांच्या डाव्या मनगटावर बांधला. मोबाईलवर हिरवा गोल उमटला. त्या दिवशी ती कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

आई आधीच गेलेली. मोठा भाऊ महावीर इचलकरंजीला, चार मागांचा धनी, रविवारी तेवढा यायचा. यायचा, आप्पांच्या उशाशी बसायचा आणि प्रत्येक रविवारी तोच विषय काढायचा.

"स्नेहल, आप्पांना दुखायलंय."

"नाही रे दादा. हे बघ." ती मोबाईल पुढं करायची. "हिरवं आहे."

"हिरवं असंल. पण तोंड बघ की त्यांचं. ह्या खांद्याला हात लावला की कसं करतात बघ."

"हात लावला की दुखणारच. तेव्हा पिवळं होतं ना! आणि सोडला की परत हिरवं. म्हणजे एरवी दुखत नाही. दादा, हे मी स्वतः बनवलंय."

यावर महावीर काय बोलणार? दहावीनंतर मागावर बसलेला माणूस तो. बहिणीचं शिक्षण त्याच्याच कमाईवर झालेलं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. तो आप्पांच्या खांद्याखाली उशी सारून द्यायचा.

डॉक्टरांनी सुरुवातीला दुखण्यावरचं एक जोरकस औषध दिलं होतं. त्यानं आप्पा दिवसभर गुंगीत असायचे. वाचा परत यायची तर माणूस जागा हवा, व्यायाम हवा. पट्टा तर हिरवा. स्नेहलनं डॉक्टरांना आकडे दाखवले, डॉक्टरांनी ते पाहिले आणि औषध बंद झालं. फिजिओथेरपिस्ट रोज येऊन आप्पांचा उजवा हात खांद्यापासून वर न्यायचा. पहिल्यापहिल्यांदा आप्पा डाव्या हातानं त्याला ढकलायचे, डोळ्यांत पाणी यायचं. पुढं ढकलणं थांबलं. मग पाणीही थांबलं. आप्पा नुसते छताकडं बघत पडून राहायला लागले. स्नेहलनं ते सुधारणेत धरलं.

आणि ती एकटीच अशी नव्हती. 'हिरवं आहे' हा शब्द एव्हाना घराघरांत रुळला होता. दवाखान्यात नर्स आधी पट्टा बघायची आणि मग रोग्याकडं. कण्हणाऱ्या सासूला सून म्हणायची, "अहो, हिरवं दिसतंय की!" गिरणीत कंबर धरून बसलेल्या कामगाराला मुकादम पट्टा दाखवायला लावायचा. विमा कंपन्या हिरव्यावर औषधाचं बिल देत नव्हत्या. डॉक्टरांनी 'कुठं दुखतंय' हा प्रश्न विचारणंच सोडून दिलं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपल्याकडं म्हणायची रीत आहे. ती म्हण त्या काळात मोडीत निघाली होती. ज्याचं जळतं त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

फौजदाराच्या तोंडाला वास यायला लागला म्हणून स्नेहल त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टर शबाना मुल्लांकडं गेली. दात काढावा लागणार होता. भूल द्यायच्या आधी त्यांनी सगळ्या अंगाचा एक्स-रे काढला, आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं,

"हा उड्या मारतो का?"

"नाही हो. फार शांत आहे तो."

"कधीच नाही? लहान होता तेव्हाही?"

"कधीच नाही. माझ्या लॅपटॉपजवळ बसून असतो दिवसभर. तिथं ऊब असते ना."

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे खुबे बघा. दोन्हीकडचे. वाटीत गोळा नीट बसलेलाच नाही, जन्मापासून. हाडावर हाड घासतंय. आणि पाठीचे हे तीन मणके. ऊब त्याला लागतेच, कारण ऊब मिळाली की जरा कमी दुखतं."

"पण त्याच्या गळ्यात पट्टा आहे," स्नेहल म्हणाली. "रोज बघते मी. तो कधी हिरव्याच्या पुढं गेलेला नाही. एकदासुद्धा नाही."

"तेच मला कळत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "ह्या हाडांना हिरवं कसं असेल? मशीन बिघडलंय का बघा तुमचं."

मशीन बिघडलेलं नव्हतं. स्नेहल तिथल्या स्टुलावर बसली. फौजदार टेबलावर होता, पाय पोटाशी घेऊन, नेहमीसारखाच. त्याला हिरव्याच्या पुढं जाता येणारच नव्हतं. तो स्वतःच शून्य होता. तान्ह्या वयापासून दुखतंय म्हणून जो हलला नाही, तो देह तिनं रिकामं भांडं म्हणून काट्यावर ठेवला होता, आणि ते भांडं काठोकाठ भरलेलं होतं. तेव्हापासून देशभरात जो कुणी पट्टा बांधत होता, त्याच्या दुखण्यातून ह्या मांजराचं दुखणं वजा होत होतं. सुई टोचल्याचं, भाजल्याचं, कापल्याचं दुखणं त्याहून मोठं, ते दिसत होतं. पण हाडांत, सांध्यांत मुरलेलं, रात्रंदिवस ठणकणारं जे जुनं दुखणं, ते नेमकं तेवढंच भरायचं. ते शून्यात बुडून जायचं आणि वर हिरवा गोल उमटायचा.

डॉक्टर विचारत होत्या, सांध्यांसाठी महिन्याला एक इंजेक्शन असतं, देऊ का? स्नेहलनं मान हलवली. दात काढून झाल्यावर घरी जाताना रिक्षात तिनं फौजदाराची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. आप्पांचा खांदा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

इंजेक्शननं आठवडाभरात गुण दिला. स्नेहल मीटिंगमध्ये होती, गुंडा मांडीवरून सुटला आणि घरंगळत निघाला. फौजदार उठला, मागचे पाय आखडून दबा धरला, आणि झेप घेतली. लोकर पायात अडकवून घरभर धावला, सोफ्यावर चढला, पडद्याला लटकला. इतक्या वर्षांचा सभ्यपणा एका दुपारी फेडून टाकला त्यानं. स्नेहलला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. तिनं मोबाईल उघडला. फौजदाराच्या नावासमोर हिरवं नव्हतं, पिवळं नव्हतं. तिथं रिकामा चौकोन होता आणि खाली एक ओळ: 'नोंद ग्राह्य नाही.' शून्याच्या खाली आकडा जाईल, असं प्रोग्राम लिहिताना कुणाच्या मनातच आलं नव्हतं. शून्याच्या खाली काही असू शकतं म्हणायचं, तर शून्यालाच दुखत असू शकतं असंही मानावं लागलं असतं. प्रोग्रामच्या हिशेबात सुखी प्राणी हीच एक चूक होती.

दुसऱ्या दिवसापासून फौजदार लॅपटॉपजवळ बसेनासा झाला. गच्चीवर असायचा, शेटेकाकूंच्या ओट्यावर असायचा. जेवायला तेवढा यायचा. बिनशर्त जिव्हाळा म्हणून जे तिनं इतकी वर्षं मिरवलं, ते दुखऱ्या खुब्यांना लागणारी ऊब होती. याचंही तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली.

फौजदाराचे हे नवे आकडे शून्य म्हणून घालायचे आणि आप्पांच्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा मोजायच्या, एवढंच काम होतं. चहा गार होईपर्यंत संपणारं. तरी ती दोन दिवस ते टाळत राहिली. कपाट आवरलं, क्रोशाच्या सुया क्रमानं लावल्या, फ्रीज पुसला. शेवटी एका सकाळी, फिजिओथेरपिस्ट आत आप्पांचा हात वर नेत असताना, तिनं बटण दाबलं.

पडदा लाल झाला. मधे कुठंतरी एखादा पिवळा ठिपका, आप्पांना ताप येऊन ग्लानी आली होती तेव्हाचा. बाकी औषध बंद केलं त्या दिवसापासून आजवर सगळं लाल. दिवस लाल, रात्र लाल. दादा उशी सारून द्यायचा तेवढा वेळ लाल जरासा फिका.

ती उठली, आत गेली आणि म्हणाली, "सोडा. हात सोडा त्यांचा."

"अहो, अजून दहा वेळा वर न्यायचाय—"

"सोडा म्हणते ना!"

त्यानं हात सोडला. आप्पांनी तिच्याकडं बघितलंही नाही. छताकडंच बघत राहिले.

डॉक्टरांना फोन झाला, तपासणी झाली. खांदा वाटीतून खाली सरकला होता आणि भोवतालचं सगळं सुजलं होतं. औषध पुन्हा सुरू झालं. त्या दुपारी आप्पा झोपले, तोंड उघडं टाकून, घोरत. महावीरला तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "दादा, औषध परत चालू केलंय."

"बरं केलंस गं," तो म्हणाला. "लई बरं केलंस." पुढचं सांगायला तिची जीभ रेटली नाही.

कंपनीचा मालक विक्रांत पडद्यावर शांतपणे सगळं ऐकून घेत होता. मोठा माणूस झाला होता तो आता. पण सुरुवातीला फौजदाराची सपाट लहर बघून टेबलावर चढून नाचलेला हाच.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुला."

"ठीक. घाबरायचं कारण नाही. आपण दुरुस्त करू. पण हळूहळू. शून्य रोज केसभर खाली सरकवायचं. सहा महिन्यांत बरोबर जागेवर येईल. कुणाला कळणारही नाही. लोकांना वाटेल, वय झालं, दुखणं वाढलं."

"सहा महिने ती माणसं तशीच ठेवायची?"

"स्नेहल, विचार कर. एका सकाळी देशातले निम्मे पट्टे लाल झाले तर? दवाखान्यात रांगा लागतील, औषधं संपतील, कोर्टात आपण उभे राहू. तूही राहशील. ती ओळ कुणी लिहिली, ते प्रोग्राममध्ये नावानिशी आहे."

"माहीत आहे मला."

"घरी कसे आहेत वडील? त्यांचं औषध सुरू केलंस ना? मग झालं तर. तुझा प्रश्न सुटला. बाकीचं माझ्यावर सोड."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचं बोलणं हिशेबाला धरून होतं, आणि तिला त्याचीच भीती वाटली. पट्टा तरी दुसरं काय करत होता? तोही हिशेबाला धरूनच चालत होता.

शुक्रवारी प्रोग्राममधला कुठलाही बदल लोकांपर्यंत सोडायचा नाही, असा प्रोग्रामरांचा पक्का नियम असतो. काही बिघडलं तर शनिवार-रविवार हाकनाक जातो. त्यामुळं शुक्रवारी दुपारी कुणी कुणावर लक्ष ठेवत नाही. स्नेहलनं शून्य बदललं, 'तात्पुरतं' ही ओळ पुसली, तिच्या जागी स्वतःचं नाव आणि काय चुकलं होतं ते चार साध्या वाक्यांत लिहिलं, आणि सोडून दिलं. सगळं, एकदम, सगळीकडं.

विक्रांत म्हणाला होता तसंच झालं. संध्याकाळी शेटेकाकू घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या. त्यांच्या पट्ट्यावर लाल उमटलं होतं. "गुडघे दुखतात म्हणून मी सांगत होते तेव्हा पोरं म्हणाली, मनाचे खेळ आहेत आई. मलाही तसंच वाटायला लागलं होतं गं," म्हणाल्या, आणि जिन्यातच बसून हमसून रडल्या. टीव्हीवर औषधांच्या दुकानांपुढच्या रांगा दिसत होत्या. एका वृद्धाश्रमातले सगळेच्या सगळे पट्टे लाल झाले होते, आणि तिथली व्यवस्थापिका कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हणत होती, "आम्हाला ठाऊक नव्हतं हो." कुणी म्हणत होतं ही अफवा आहे, कुणी म्हणत होतं पट्टे फेकून द्या. औषधं खरंच संपली. ज्यांना कालपर्यंत आपल्याला दुखत नाही असं वाटत होतं, त्यांनाही आता दुखायला लागलं. सहवेदनं रात्रीच्या बातम्यांपूर्वी जाहीर केलं, की एका कर्मचारी स्त्रीनं परवानगी न घेता हा उद्योग केला आहे आणि तिला कामावरून दूर केलं आहे. नावही सांगितलं.

महावीर शनिवारी सकाळी आला. रविवार नसताना आला. दारात चपला काढल्या, आत आला, आणि खुर्ची असून भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

"बातम्यांत सांगायलेत ते खरं हाय?"

"हो."

"आप्पांचा पट्टा पण तसाच होता?"

"हो."

"म्हणजे मी म्हणत होतो तेव्हा..."

"दुखत होतं. सगळा वेळ दुखत होतं, दादा."

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आपल्या हाताच्या तळव्यांकडं बघत बसला, मागाच्या धाग्यांनी चरे पडलेल्या.

"मला कळत होतं," तो म्हणाला. "तुला शिकवलंय, तर तुझंच बरोबर असणार म्हणून मी गप बसलो. माझी बी चूकच हाय."

"तुझी नाही."

"आप्पांना मी नेतो. आमच्या घरात जागा हाय, तुझी सुनंदावहिनी करंल सगळं. तुझी नोकरी बी गेली, तू एकटी कुठवर—"

"नोकरीचं सोड," स्नेहल म्हणाली. "आप्पांना विचारू या."

महावीरनं तिच्याकडं पाहिलं. आप्पांना काही विचारायचं, ही गोष्ट त्या घरात बंद पडूनही जमाना झाला होता.

दोघं आत गेली. आप्पा जागे होते. औषधानं डोळे जड, पण चेहऱ्यावरची ती ओढ गेली होती. बऱ्याच काळानं ते आप्पांसारखे दिसत होते. स्नेहल डाव्या बाजूला बसली, महावीर पायाशी उभा राहिला.

"आप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला दुखत होतं. माझ्या मशीनला ते कळलं नाही. मला दादा सांगत होता, मी ऐकलं नाही. तुम्ही हात ढकलायचा, तेही मी ऐकलं नाही. औषध मीच बंद करायला लावलं होतं. आता मी विचारते ते सांगा. दादाकडं जायचंय, की इथं राहायचंय माझ्याकडं? दादाकडं जायचं असलं तर हात उचला."

आप्पांनी डावा हात उचलला. संथपणे, पण चांगला वीतभर.

महावीरनं सुस्कारा सोडला. पण स्नेहल उठली नाही. डॉक्टर म्हणाले होते, हो-नाहीची गल्लत होत असणार. आणि तिच्या धंद्याची खोड अशी, की एकदा आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नसतो; प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायचा असतो. ज्या शून्याच्या वेळी तिनं ते केलं नव्हतं, त्याची आठवण ठेवून तिनं ते आता केलं.

"आप्पा, नीट ऐका हं. इथं माझ्याकडं राहायचं असलं, तर हात उचला."

आप्पांचा हात चादरीवर होता. तो तिथंच राहिला. त्यांनी तिच्याकडं बघितलं, त्या आजारपणात पहिल्यांदाच इतकं सरळ, आणि मग नजर महावीरकडं नेली. हात हलला नाही. ती वाट बघत राहिली. बाहेर जिन्यात कुणीतरी चढून गेलं, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. हात हलला नाही.

"स्नेहल," महावीर हळूच म्हणाला, "त्यांना काय कळतंय..."

"नाही दादा," ती म्हणाली. "त्यांना कळतंय. गल्लत त्यांची नव्हती."

तिनं आप्पांच्या मनगटावरचा पट्टा सोडवला. खाली कातडीवर पांढरा वळ होता.

"ह्याचं काय करायचं?" महावीरनं विचारलं. "न्यायचा बरोबर?"

"नको. तू विचारत जा त्यांना. रोज, सकाळ-संध्याकाळ विचार." तिनं पट्टा ड्रेसच्या खिशात घातला. "आणि ते म्हणतील ते खरं धर."

महावीरनं मान हलवली, आणि आप्पांच्या चपला शोधायला तो बाहेर गेला.